कोरड्या विहिरीत बुडालेला माणूस

१

वडगावच्या ज्योतिबाअण्णाच्या परसातली नवी विहीर सात पुरुष, म्हणजे चाळीसेक फूट, खोल गेली होती आणि तिला पाण्याचा टिपूस लागला नव्हता. माघी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीच्या तळाशी मष्णू मरून पडलेला सापडला. ती विहीर खणणारा माणूस तोच. डॉक्टरांनी प्रेत तपासलं आणि लिहून दिलं, पाण्यात बुडून मृत्यू. फुप्फुसांत पाणी, पोटात पाणी. आणि तो पडला होता तिथला दगड मात्र ठणठणीत कोरडा.

कोरड्या विहिरीत माणूस बुडत नाही, एवढं पोलिसांनाही कळतं. त्यांनी कुंपणापलीकडे मान वळवली. पलीकडे यमनाप्पा रंगाऱ्याचं परस. तिथे तीस पावलांवर त्याची जुनी विहीर, बारा महिने भरलेली. यमनाप्पा तिच्या काठावर निळीचं सूत धुवायचा, त्यामुळे पाण्याला निळसर झाक असायची. गल्लीतल्या बायका ते रात्रभर घागरीत ठेवत, नीळ तळाला बसली की वरचं पाणी पीत. मष्णूच्या धोतराच्या घड्यांत तीच नीळ साचलेली होती. मग काय! यमनाप्पानं त्याला आपल्या विहिरीत बुडवला आणि कुंपणापलीकडे नेऊन कोरड्या विहिरीत टाकला, असं ठरून गेलं. दोघांचं आठवड्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं.

मी तेव्हा बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करत होतो. फौजदारी म्हणजे कोंबडीचोर आणि बांधावरच्या मारामाऱ्या. फाशीचा खटला घेऊन माझ्याकडे कोणी शहाणा माणूस येत नसे. यमनाप्पाची बायको चंद्राबाई आली ती बाकीच्या वकिलांचे उंबरे झिजवून झाल्यावर. ती खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली आणि रडलीही नाही. रडून संपलेलं होतं.

"वकीलसाब, माझा दादला वकील नको म्हणतोय," ती म्हणाली.

"का?"

"मीच मारलं म्हणतोय."

"आणि मारलं का त्यानं?"

"न्हाय ओ. मुंगीवर पाय पडला तर दिवसभर जेवत न्हाय त्यो."

"मग असं म्हणतो तरी का?"

"त्येच तर सांगत न्हाय," असं म्हणून तिनं माझे पाय धरले.

२

तुरुंगात यमनाप्पा गजांशी बसला होता. चाळिशीचा किडकिडीत माणूस. इतके दिवस आत राहूनही नखांच्या कडा निळ्याच होत्या.

"भांडण कशावरनं झालं?" मी विचारलं.

"मष्णू माझ्या दारात आला. म्हणाला, तुझं पाणी आमच्याकडं वढून आणतो बघ. हसत म्हणाला. मला लई राग आला. म्हणालो, माझ्या पाण्याला हात लावशील तर त्याच पाण्यात बुडून मरशील." तो थांबला. "आणि मेला की."

"शिव्याशापानं माणूस मरत नाही."

"मीच मारलंय. तुमी जावा."

आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला इतका संताप आला की दारावरच्या शिपायालाच दोन शब्द सुनावले. आपल्या हातानं फास गळ्यात अडकवून घेणारा अशील मिळाल्यावर वकिलानं करायचं काय? सेशन्सची तारीख जवळ आली होती. माझ्याकडे साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता, आणि अशीलही जवळजवळ नव्हताच.

म्हणून मी शहापुरात मारुतीरावांकडे गेलो. मारुतीराव रेल्वेच्या बोगद्यांवर ओव्हरसियर होते. सगळा जन्म घाटात डोंगर फोडण्यात गेला, आणि आता पेन्शन खात दुसऱ्यांच्या चुका काढत बसायचे. डोक्यावर सदैव फेटा, पायात सदैव बूट. गर्विष्ठ आणि तिरसट माणूस, पण डोकं असं की दोन वेळा पोलीसही त्यांच्या पायऱ्या चढले होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी खव्याच्या गोड कुंद्याची वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "तुम्ही सगळे एकाच वाटेनं का चाललाय? माणूस पाण्यापाशी कसा गेला, एवढंच विचारताय."

"मग काय विचारायचं?"

"पाणी माणसापाशी कसं आलं?"

मला वाटलं म्हातारा चळला. पण माझ्याकडे दुसरं कोण होतं?

३

वडगावात माग सुरू होते. गल्लीभर खटखट. ज्योतिबाअण्णानं आम्हाला पाहिल्याबरोबर माग थांबवला आणि उठून सामोरा आला. आठ मागांचा मालक, गळ्यात माळ, बोलणं अगदी मऊ. मष्णूच्या बायकोला दोन्ही वेळा जेवणाचं ताट यांच्याच घरून जातं, असं गल्लीत कळलं होतं.

"मष्णू अमावास्येच्या दिवशी विहिरीत उतरला असेल का?" मारुतीरावांनी विचारलं.

"छ्या! अमाशेला आमच्याकडं कोण बैलबी जुपत न्हाय, साहेब. विहिरीत उतरणं तर पापच. सगळी गल्ली देवीच्या देवळात गेलती. मीबी गेलतो."

"तुमच्या विहिरीला पाणी का नाही?"

अण्णानं कपाळावर हात मारून घेतला. "नशीब! तीस पावलांवर त्येची विहीर तुडुंब, आणि माझ्यात धूळ. तळाला घागरभर पाणी वता, बघता बघता दगड पिऊन टाकतो. कितीबी वता, ऱ्हातच न्हाय. सुताला खळ करायची म्हटली तरी रोज यमनाप्पाच्या दारात घागर घेऊन उभं ऱ्हायाचं."

"तो देत नव्हता?"

"देत हुता की. पण मागाया लागतं, साहेब. रोज मागाया लागतं."

तिथून आम्ही मष्णूच्या झोपडीत गेलो. त्याची बायको नागुबाई आमच्याकडे पाहायलाही तयार नव्हती. आम्ही तिच्या नवऱ्याच्या खुन्याचे वकील. मारुतीराव दारातच, चक्क जमिनीवर, बूट काढून बसले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाई, मला एकच सांग. त्या दिवशी दुपारी तो घरातनं निघाला तेव्हा हातात काय होतं?"

तिनं दाराशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहार."

"अमावास्येला पहार?"

"मी म्हटलं की, आज नको. म्हणाला, आजच मोकळं हाय, सगळी देवळात असतील. कुठं जातोस म्हटलं तर हसला नुसता." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या रंगाऱ्याला फाशी द्या म्हणजे झालं. जावा आता."

संध्याकाळी आम्ही चंद्राबाईकडे पोचलो. यमनाप्पाच्या घरात जिथे हात लागेल तिथे निळा ठसा. दाराची कडी निळी, चौकट निळी, पाटा निळा, बिचाऱ्या म्हशीची शिंगंसुद्धा निळी. मारुतीराव विहिरीच्या पायऱ्यांवर बसून पाण्याकडे पाहत राहिले.

"अमावास्येला या पाण्याला काय झालं होतं?"

चंद्राबाई दचकली. "तुमाला कसं कळलं? देवळातनं आलो तर खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात्या. जल्मात कधी पाहिल्या न्हवत्या त्या पायऱ्या, शेवाळ लागल्याल्या. कुणाला सांगायच्या आधी सकाळी पोलीस आलं. मग कुठलं पाणी आणि कुठलं काय! चार-सहा दिसांनी बघितलं तर परत भरल्याली."

मारुतीराव उठले आणि मला म्हणाले, "आता मला दोर दाखवा."

४

दोर भरमूकडे होता. भरमू म्हणजे मष्णूचा जोडीदार. मष्णू खाली खणायचा, भरमू वरून कप्पीवर दगड भरलेल्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, ओढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेत पहिल्यांदा त्यानंच पाहिलं होतं.

"मला टाकून उतरला असंल, तर माझ्यावर इस्वास न्हवता म्हणायचा त्येचा," भरमू घुश्श्यातच म्हणाला. "दहा वर्सं त्येचा जीव माझ्या हातात हुता ओ. दहा वर्सं मी दोर सोडला न्हाय."

"सकाळी दोर कुठे होता?"

"वरच. कप्पीच्या खांबाला टांगल्याला. म्हणून तर सगळे म्हणाले, ह्यो उतरला न्हाय, ह्येला टाकलाय. उतरला असता तर दोर खाली लोंबत असता न्हवं?"

दोर त्यानं त्यानंतर वापरला नव्हता. मेलेल्या माणसाचा दोर म्हणून सापडला तसाच घराबाहेरच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. मारुतीरावांनी तो उतरवून मांडीवर घेतला.

"तू असाच गुंडाळतोस?"

"न्हाय. आमी जमिनीवर वेटोळं घालतो. ह्यो असा कुणी गुंडाळला काय म्हाईत."

दोर हात आणि कोपर यांच्यावर फुल्या मारत गुंडाळला होता आणि मधोमध गाठ मारून बांधला होता. वडगावात हे पोरालाही ओळखू येतं. सुताची लडी बांधतात ती तशीच.

लडी विणकर बांधतो, तशी रंगारीही बांधतोच की! यमनाप्पाचा अख्खा दिवस लड्या भिजवण्यात आणि पिळण्यात जायचा. आम्ही त्याला वाचवायला निघालो होतो आणि सरकारी वकिलाला आणखी एक पुरावा शोधून देत होतो.

"हा दोर कुणाला दाखवू नका," मी मारुतीरावांच्या कानात म्हणालो.

त्यांनी दोर सोडवला आणि पूर्ण लांब पसरला. खालच्या टोकाला साधारण कमरेइतक्या लांबीपर्यंत निळसर रंग चढलेला होता. त्याच्या वर दोर काथ्याचा तसा पिवळा, एक डागही नाही.

"वकील," ते शांतपणे म्हणाले, "हाच दोर तुमच्या माणसाला सोडवणार आहे. आणि हाच दोर कुणाला तरी फासावर नेणार आहे. उद्या मला त्या विहिरीत उतरवा."

५

साठी ओलांडलेल्या माणसाला सात पुरुष खाली सोडताना भरमू दोर वीतवीत सोडत होता. मीही मागोमाग उतरलो. फार मोठं शौर्य नव्हतं ते, वर एकट्यानं वाट पाहणं मला झेपलं नसतं.

खाली कंदिलाच्या उजेडात तांबडा जांभा दगड. हात लावावा तिथे भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. मारुतीरावांनी तांब्यातलं पाणी तळाला ओतलं. ते क्षणात दिसेनासं झालं.

"अण्णा खोटं बोलला नाही," ते म्हणाले. "हा दगड पाणी पितो. मग पलीकडच्या विहिरीचं पाणी का पीत नाही? दगड तोच, अंतर तीस पावलं."

त्यांनी कंदील भिंतीजवळ नेला. यमनाप्पाच्या बाजूच्या भिंतीत एक काळपट रेघ वरून खाली तिरपी गेली होती. बोटभर जाडीची. तिच्यावर एकही भोक नव्हतं.

"ही बघा. ही पट्टी आत दोन विहिरींच्या मधून आडवी गेलीय. घरी नवी जमीन करताना बायका काय करतात? माती पसरतात आणि चोपण्यानं बडवतात. बडवण्याआधी पाणी टाका, माती पिऊन टाकते. बडवल्यावर टाका, वर थारोळं साचतं. माती तीच असते. आतल्या पोकळ्या मोडतात, दाणे फुटून एकमेकांत घट्ट बसतात, पाण्याला वाट उरत नाही. इथे ते बडवणं धरणीनंच केलंय, कधीकाळी, वरच्या ओझ्यानं. आणि दगड सगळा सारखा चेपत नाही, वकील. एखादी पट्टी आधी मोडते, शेजारचा दगड जसाच्या तसा राहतो. या बोटभर पट्टीवर यमनाप्पाचं सगळं पाणी टेकून उभं आहे."

"आणि ती फोडली तर?"

"बोगद्यात अशा पट्टीमागचं पाणी मी पाहिलंय. अंगावर येतं ते." त्यांनी बोटांनी भिंत चाचपायला सुरुवात केली. गुडघ्याच्या वर एके ठिकाणी बोटं थांबली. टोपलीच्या तोंडाएवढी जागा. तिथे भोकंही नव्हती आणि पट्टीही नव्हती. नुसती गुळगुळीत तांबडी माती, चेपून बसवलेली. टिचकी मारली तर बद्द आवाज.

"इथून मष्णूनं आडवं बीळ मारलं. पाणी वाढवायला विहिरीच्या पोटात मारतात तसं. पट्टीपर्यंत गेला आणि पट्टी फुटली. पाणी ओसरल्यावर कुणीतरी खाली उतरून हे बीळ माती ठासून बंद केलं आणि पहार वर नेली. प्रेत काढायला आलेल्यांनी भिंतीकडे पाहिलं कशाला असेल?" त्यांनी कंदील डोक्यावर धरला. "आणि ते वर पाहा."

दोन पुरुष उंचीवर, भिंतीच्या तांबड्या रंगावर, चारी बाजूंनी फिकट निळी रेघ उमटलेली होती.

तेवढं पाणी इथे चढलं होतं. आणि त्या पाण्यात मष्णू नखांनी भिंत खरवडत होता.

६

मी तडक तुरुंगात गेलो आणि यमनाप्पाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, माणूस आनंदानं रडेल. तो रडला, पण भलत्याच कारणानं.

"म्हंजे त्यो खराच हुता!" तो म्हणाला आणि गजांवर डोकं आपटायला लागला. "म्हंजे त्यो खराच हुता ओ!"

"कोण?"

"आवाज! निळीचे माठ अमाशेलाबी ढवळावे लागत्यात, न्हायतर नीळ मरते. म्हणून मी देवळातनं मधीच आलतो. माठ हलवला, वल्या हातानंच उभा हुतो, तर जमिनीतनं हाक आली. यमनाप्पा, यमनाप्पा, अशी. मला वाटलं अमाशेचं कायतरी हाय. मी पळालो. तसाच देवळात पळालो." त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. "तीस पावलं हुती. दोर टाकला असता तर जगला असता."

म्हणून तो इतके दिवस गप्प होता. हाक ऐकून पळालो, म्हणजे मीच मारलं. त्याच्या मनात खटला केव्हाच चालून निकाल लागला होता. मीही गजांना धरून नुसता उभा राहिलो.

मारुतीरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता सगळं बसलं," एवढंच म्हणाले.

पण कोर्टात बसायला हवं ना! बीळ होतं हे कोण मानणार? फुटलेल्या पट्टीतून पाणी येतं आणि संध्याकाळपर्यंत दगड ते पिऊन टाकतो, हे ऐकून जज्जसाहेब हसले असते. दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बीळ पुन्हा फोडून दाखवायचं.

मारुतीराव चंद्राबाईसमोर बसले. चैत्र संपत आला होता. गल्लीत दुसरी विहीर नव्हती.

"बाई, नीट ऐक. त्या दिवशी पट्टीला पहारीएवढं भोक पडलं होतं. ते वरच्या बाजूला होतं, म्हणून खालचं पाणी राहिलं आणि बीळ बुजवल्यावर विहीर परत भरली. आता त्या मातीमागे भिजून पट्टी कमजोर झालीय. या वेळी ती फाटेल, तळापर्यंत. मग ती सांधता येणार नाही. तुझ्या विहिरीतलं पाणी जाईल, आणि पावसाळ्यात येईल तेही या दगडात जाईल. कायमचं."

"आणि न्हाय फोडलं तर?"

मारुतीराव माझ्याकडे पाहायला लागले. "फाशी," मी म्हणालो.

चंद्राबाईनं विचार करायला काही वेळ घेतला नाही. "फोडा," ती म्हणाली.

७

जज्जसाहेब जागा पाहायला यायला कसे तयार झाले, त्यासाठी मी किती नाक घासलं, ते सोडून द्या. ते आले. सरकारी वकील आले, पोलीस आले, यमनाप्पाला बेड्या घालून आणलं. गल्लीच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांना पाणी जाणार हे कळलं होतं आणि त्या चंद्राबाईला मोठमोठ्यानं शिव्या देत होत्या. ती एकटी आपल्या विहिरीच्या काठावर बसून होती.

भरमूच्या कमरेला नवा दोर बांधून चौघांनी त्याला खाली सोडलं. पहारीचे घाव ऐकू येत होते. एक, दोन, मग बरेच. मग तो ओरडला, "वढा!" आणि चौघांनी त्याला ओढायच्या आधीच खालून असा आवाज आला की सरकारी वकील दोन पावलं मागे सरले.

भरमू वर आला तेव्हा मांड्यांपर्यंत भिजलेला होता आणि त्याचं धोतर निळं झालं होतं. खाली पाणी चढत होतं. फेसाळ, तांबडं आणि निळं. जुन्या निळ्या रेघेला ते टेकलं, तिच्याही वर गेलं. आणि कुंपणापलीकडे चंद्राबाईच्या पायाखालच्या पायऱ्या एकामागून एक उघड्या पडत गेल्या. बायकांच्या शिव्या थांबल्या. एक म्हातारी हुंदके द्यायला लागली.

"पाणी मष्णूपाशी असं आलं, साहेब," मारुतीराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबा, हा तळ कोरडा होईल."

"म्हणजे अपघात," जज्जसाहेब म्हणाले.

"नाही."

त्यांनी जुना दोर पुढे केला.

"हे टोक तळाला टेकलेलं असायचं. नीळ लागलीय ती इथवर, माझ्या कमरेएवढी. पाणी तर चढलं दोन पुरुष. दोर खालीच असता तर तेवढा सगळा निळा झाला असता. म्हणजे पाणी कमरेला होतं तेव्हाच दोर वर ओढला गेला. मष्णू तेव्हा उभा होता, साहेब. जिवंत होता, आणि हाका मारत होता."

जज्जसाहेबांनी निळं टोक हातात घेऊन पाहिलं.

"सापडला तेव्हा हा दोर लडीसारखा बांधलेला होता. भरमूला लडी बांधता येत नाही. या दोन परसांत लडी बांधणारे दोघं, यमनाप्पा आणि ज्योतिबा. यमनाप्पा त्या वेळी माठ हलवून ओल्या हातानं उभा होता, असं त्यानं सांगितलंय. ते खरं मानू नका. त्याच्या घरात जाऊन बघा फक्त. तो हात लावतो ते निळं होतं, कडीपासून म्हशीच्या शिंगापर्यंत. या दोराच्या वरच्या भागावर एक डाग दाखवा मला. आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी चोरायला कोणी शेजाऱ्याच्या विहिरीतून बीळ मारत नाही. ते बुजवून लपवतही नाही."

ज्योतिबाअण्णा कप्पीच्या खांबाला धरून उभा होता. त्याचे डोळे खालच्या पाण्यावर खिळले होते.

"मला काय म्हाईत एवढं चढंल," तो पुटपुटला. "दगड पितोय की. घागर वतली की पितोय. म्हटलं कमरेवर चढायचं न्हाय." मग तो एकदम यमनाप्पाकडे वळला. "तू आलास म्हणून! तू देवळातनं मधीच आलास. मष्णू खालनं वरडाय लागला, दोर धर म्हणून. तू बघितलं असतंस तर चोर म्हणून गल्लीत तोंड दावता आलं नसतं मला. म्हणून दोर वढून घेतला आणि खांबामागं बसलो. म्हटलं, तू गेलास की सोडतो. त्येनं माझं नाव घेतलं, मग तुझं घेतलं. तू पळालास. मी उठून बघितलं, तर..."

"तर काय?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"वरडायचं थांबलं हुतं."

कुंपणापाशी नागुबाई उभी होती. दोन महिने ती या माणसाच्या घरचं ताट जेवत होती. ती तिथेच खाली बसली आणि घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न करायला लागली.

८

यमनाप्पा सुटला. ज्योतिबाचं पुढे जे व्हायचं ते झालं. मारुतीरावांनी माझ्याकडून पेढे घ्यायला नकार दिला, आणि मारुतीराव गोडाला नको म्हणाले हे मी तेवढं एकदाच पाहिलं.

पावसाळा सरल्यावर मी वडगावात गेलो होतो. एवढा पाऊस होऊनही यमनाप्पाच्या विहिरीच्या तळाला भेगा होत्या. माठ पालथे घातलेले. पाण्याशिवाय नीळ नाही, आणि पाणी पार तळ्यावरून आणावं लागत होतं. गल्लीतली दोन घरं उठून दुसरीकडे गेली होती. उरलेल्या बायका चंद्राबाईशी बोलत नव्हत्या.

यमनाप्पा पायरीवर बसला होता. मला पाहून उठला, पण त्याचं बोलणं बायकोशीच चाललं होतं. बहुतेक रोजचंच असावं.

"मला लटकू द्यायचं हुतंस. एका माणसापायी सगळ्या गल्लीचं पाणी घालवलंस. तेबी हाक ऐकून पळाल्याल्या माणसापायी."

चंद्राबाई नुकतीच तळ्यावरून आली होती. कमरेवर घागर, कपाळावर घाम. तिनं घागर खाली ठेवली नाही.

"ठेवलं असतं की पाणी," ती म्हणाली. "भरल्याली विहीर ठेवली असती. तुरुंगातनं तुझं मढं आणलं असतं, आणि त्या पाण्यानं त्येला आंघोळ घातली असती. त्येवढाच उपेग हुता मला त्या पाण्याचा."

यमनाप्पा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिच्या कमरेवरची घागर काढून घेतली, आत नेऊन रिकामी केली, आणि ती खांद्यावर टाकून तळ्याच्या वाटेनं निघाला. पाण्याला निघालेल्या बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.